खोकल्याचं औषध

“भाभीजी, आपके घर की खाँसी तो जाती ही नहीं,” मेडिकलवाला म्हणाला आणि हसला.

वाईट अर्थानं हसला नसेल. गिऱ्हाईक नेहमीचं झालं की दुकानदार असं काहीतरी बोलतोच. पण शेजारी काउंटरला टेकून उभी असलेली बाई वळली. तिनं कौशल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. कौशल्यानं बाटली उचलून पिशवीत टाकली, तिच्यावर मेथीची जुडी आडवी ठेवली आणि पायऱ्या उतरली. याच्या तोंडात कोणीतरी मूठभर माती कोंबावी, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही. ती माती कशी असेल, ओली, पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या धुळीनं लालसर झालेली, ती त्याच्या दातांत कशी कचकचेल, इथपर्यंत तिनं मनातल्या मनात सगळं करून पाहिलं. मग त्या बाईच्याही तोंडात. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दहाच्या मार्केटात त्या सकाळी जेवढी माणसं होती तेवढ्या सगळ्यांना पुरेल इतका राग तिच्याजवळ होता, आणि तो कोणावर आहे हे तिला कळत नव्हतं. पूर्वी कळायचं.

पूर्वी रागाला माणूस होतं. तुळसाबाई, तिची सासू. गोंदियाकडच्या गावाहून म्हातारी मुलाकडे दवापाण्यासाठी म्हणून आली आणि मग गेलीच नाही. समोरच्या खोलीत खिडकीखाली तिची खाट पडली, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा आवाज राहिला नाही. खोकला. कौशल्या स्वयंपाकघरात असो, अंगणात कपडे वाळत घालत असो, झोपेत असो, तिचा एक कान त्या खाटेशी बांधलेला. कोणता खोकला पाण्याचा, कोणता थुंकीचा आणि कोणता नुसताच तिला कामावरून उठवायचा, हे तिला बरोबर ओळखू यायला लागलं. “पाणी मांगतलं तं हे माह्या मरणाची वाट पाहून राहिली,” म्हातारी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. “माह्या पोराचं खाऊन माह्यावरच डोये वटारते.” कौशल्या चमच्यात औषध ओतून तिच्या तोंडाशी न्यायची तेव्हा म्हातारी चमचा दातांत घट्ट धरून ठेवायची आणि तशीच तिच्याकडे बघत राहायची. कौशल्याही बघायची. दोघींनी एकमेकींचा इतका मन लावून द्वेष केला की त्यात तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती. श्यामराव कारखान्याची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून घरी यायचे, आईच्या पायाशी मिनिटभर बसायचे, “बरं वाटते काय?” विचारायचे आणि बूट काढायला आत जायचे. त्यांना त्या घरात काय चाललं आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग म्हातारी गेली. हॉस्पिटलात गेली, नळ्या लावलेल्या असताना, शांतपणे. तेराव्याच्या जेवणाला आलेल्या सगळ्यांनी कौशल्याचं कौतुक केलं. सुनेनं फार केलं म्हणाले. कौशल्या वाढत होती, आणि वाढता वाढता तिला जाणवलं की आपला कान अजून खिडकीकडेच लागलेला आहे. खाट काढली, भिंतीला चुना मारला, विजूचं अभ्यासाचं टेबल तिथं ठेवलं. विजू सातवीत होती. ती शाळेत गेली आणि श्यामराव स्कूटर काढून ड्यूटीवर गेले की घरात जी शांतता व्हायची, ती कौशल्याला शांतता वाटायचीच नाही. कोणीतरी श्वास रोखून धरला आहे आणि आता सोडेल, आता सोडेल, असं वाटायचं. तो सुटायचा नाही. एका दुपारी तांदूळ निवडताना तिच्या बोटांना मुंग्या आल्या. मग हातच आपला नाही असं झालं. छातीत काहीतरी धडाधडा आपटायला लागलं, तोंड कोरडं पडलं, आणि आपण आत्ता, याच क्षणी, या सुपासमोर मरणार हे तिला इतकं लख्ख कळलं की ती उठून अंगणात धावली. पलीकडच्या क्वार्टरमधली बाई म्हणाली, “क्या हुआ?” कौशल्या म्हणाली, “कुछ नहीं, दूध उतू गेलं.” अंगणात उभं राहून ती कुंपणाच्या तारेला धरून श्वास घेत राहिली. मेली नाही. पण त्यानंतर तिला त्या मरण्याची भीती बसली, आणि भीतीच्या भीतीनं ते पुन्हा पुन्हा यायला लागलं. आंघोळ करताना मोरीची कडी लावणं तिनं सोडून दिलं. बाजारात गर्दी असली की मागे फिरायची.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरनं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि “कमजोरी” म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. श्यामराव म्हणाले, “तुले आता काम राह्यलं नाही ना, म्हणून असं होते. कशात तरी जीव रमव.” त्या वेळी तिनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या गालाला लागलेला दाढीचा साबण वाळत चालला होता. हा माणूस आपल्याला किती वर्षं दिसतो आहे आणि किती थोडा माहीत आहे, असं तिच्या मनात आलं. म्हातारीची एक अर्धी राहिलेली बाटली कपाटात मागे होती. पुढच्या वेळी दुपारी हातांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा ती कपाटापाशी गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित चमच्यासाठी. घरात खोकला नव्हता, निदान त्याचा वास तरी होता. तिनं दोन चमचे घेतले. गोड, दाट, घशात किंचित जाळणारं. थोड्या वेळानं बरगड्यांखाली ऊब पसरली, छातीतली धडधड लांब कुठेतरी प्लांटात चालल्यासारखी झाली, आणि पहिल्यांदाच तिचा कान त्या खिडकीवरून सुटला. ती तिथंच फरशीवर, भिंतीला टेकून बसली आणि रडली. सुखानं रडली. दोन चमच्यांचे चार झाले, मग चमचा राहिलाच नाही.

आता मार्केटातून घरी येताना ती हेच सगळं चघळत होती, पण त्या मेडिकलवाल्याच्या हसण्यासकट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच क्वार्टर्स, तीच फाटकं, तेच पपईचं एकेक झाड. लग्न होऊन नवीन आली तेव्हा ती एकदा दुसऱ्याच्याच दाराशी जाऊन कडी वाजवत उभी राहिली होती. श्यामरावांनी ही गोष्ट मित्रांना इतक्यांदा सांगितली होती की आता ती तिला स्वतःला घडल्यासारखी वाटतच नव्हती. शनिवारी संध्याकाळी बाबुलाल आला की हमखास निघायची. बाबुलाल श्यामरावांच्याच ऑफिसातला, बालाघाटकडचा, जामुलला घर केलेला. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसत, मधे स्टूल, स्टुलावर दारूची बाटली. कौशल्या शेंगदाणे तळून नेऊन द्यायची, कांदा चिरून द्यायची. ती बाटली काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कपबश्यांशेजारी, कोणालाही दिसेल अशी राहत असे. तिची बाटली पिठाच्या डब्यात. रविवारी सकाळी श्यामराव डोकं धरून बसले की शेजारपाजारचे म्हणत, “शिफ्टवाली ज़िंदगी है, आदमी थक जाता है.” श्यामरावांनी तर उभ्या आयुष्यात शिफ्ट केली नव्हती. सकाळी जात, संध्याकाळी येत.

त्या दिवसापासून तिनं सेक्टरचं मार्केट सोडलं. पॉवर हाऊसच्या स्टॉपवरून जामुलची बस मिळायची. बसमधे बसायला तिला आधी दोन घोट घ्यावे लागायचे, आणि ते घेता यावेत म्हणून तर जामुलला जायचं, हे चक्र तिला दिसत होतं. तिला हसूही येत होतं, पण थांबता येत नव्हतं. जामुलमधे सगळ्यावर सिमेंट कारखान्याची पूड बसलेली. झाडांची पानं राखाडी, दुकानांच्या पाट्या राखाडी, माणसांच्या भुवयासुद्धा. तिथं बाबुलाल सोडला तर तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि तो दिवसभर ऑफिसात असायचा. मेडिकलच्या म्हाताऱ्या मालकाला ती म्हणाली, “सासूबाईंना खोकला आहे.” आणि म्हणताच काहीतरी झालं. म्हातारी उठून बसली. पुढच्या खेपेला मालकानं विचारलं, “माँजी कैसी हैं?” तेव्हा कौशल्यानं सांगितलं की पाठीला तेल लावावं लागतं, भाकर चुरून द्यावी लागते, फार चिडचिड करतात. “बुढ़ापा है, सह लो बेटी,” तो म्हणाला. “सहते आहे,” ती म्हणाली, आणि पदरानं खरोखर डोळे पुसले. परतीच्या बसमधे ती त्या म्हातारीशी मनातल्या मनात भांडत आली. जामुलमधे तुळसाबाई जिवंत होती, आणि कौशल्याला तिचा मनसोक्त राग करता येत होता. सेक्टर दहामधे तिला तेवढंही नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता विजूला खोकला झाला. खरा. शाळेतून तापानं फणफणून आली, आणि दोन दिवसांत तिच्या छातीतून असा आवाज यायला लागला की कौशल्या पोळी लाटता लाटता थांबली. लाटणं हातात तसंच. तो आवाज घरात परत आला होता. विजू समोरच्या खोलीत, त्याच खिडकीखाली पडली होती. डिस्पेन्सरीतून गोळ्या आणल्या होत्या, ताप उतरला, पण खोकल्याची उबळ आली की पोरगी दुहेरी होऊन जायची, डोळ्यांतून पाणी यायचं. “आई, छाती दुखते,” ती म्हणाली. “आजीचं औषध नाही काय आपल्या घरी? थे लाल वालं?”

पिठाच्या डब्यात बाटली होती. भरलेली, त्या सकाळीच आणलेली. कौशल्या स्वयंपाकघरात गेली, डबा उघडला, पिठात हात घातला, बाटली बाहेर काढली. पीठ झाडलं. तिला हे सगळं नंतर फार स्पष्ट आठवत राहिलं: झाकण फिरवलं, चमचा घेतला, चमच्यावर बाटली कलती केली. आणि मग हिशेब झाला. तिनं केला नाही, आपोआप झाला. आज हिला दिलं तर उद्याही लागेल, परवाही, आणि बस रविवारी नसते, आणि श्यामराव विचारतील कुठून आणलं. चमच्याच्या काठावर औषध आलं होतं. समोरच्या खोलीत पोरगी खोकत होती. कौशल्यानं तो चमचा स्वतःच्या तोंडात रिकामा केला. मग बाटलीच तोंडाला लावली. आणि बाटली खाली घेताना तिला दारात विजू दिसली. भिंतीला धरून उभी होती, पाणी प्यायला आली असावी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कौशल्या म्हणाली, “तुह्यासाठी काढा करून राहिली मी. आलं टाकून. जा, पडून राह्य.” विजूला उबळ आली, ती तिनं तोंडावर हात दाबून आतल्या आत जिरवली आणि वळून गेली. काढा तिनं घेतला. पिऊन कप ठेवताना म्हणाली, “रख दिया है.”

त्यानंतर ती आईशी हिंदीतच बोलायला लागली. बाहेर सगळी पोरं हिंदीच बोलत, विजूही बोलायची, पण उंबऱ्याच्या आत मराठी. आता बापाशी मराठी, आणि आईशी, “खाना नहीं चाहिए.” “मालूम नहीं.” “आप जाइए.” श्यामरावांना वाटलं पोरगी मोठी व्हायला लागली. कौशल्याला प्रत्येक ‘आप’ कानफटात मारल्यासारखा लागायचा, आणि तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट ती चिडली. एवढीशी कार्टी, आपल्यावर न्याय करायला बसली. ज्या पोरीची धुणी धुतली, शेंबूड काढला. ती रागानं भांडी आपटायची आणि मग पिठाचा डबा उघडायची. पोरीचा खोकला आपोआप गेला. कौशल्याचं पिणं वाढलं.

जामुलच्या दुकानात बाबुलाल भेटला तो शनिवारच होता. डोळे आले म्हणून रजेवर असलेला तो डोळ्यांत टाकायचं औषध घ्यायला आलेला. कौशल्याची पाठ होती. मालक कपाटातून बाटली काढत विचारत होता, “माँजी की खाँसी में कुछ फ़रक?” आणि ती सांगत होती की नाही, काल तर जेवण ताटात थुंकलं, माझ्या अंगावर फेकलं. “वहिनी?” मागून आवाज आला. “कोणाची माय? श्यामरावची माय तं जाऊन दीड वर्स झालं ना. मी स्वतः तेरवीले होतो.” बाबुलालच्या आवाजात संशय नव्हता, साधी काळजी होती, बाईचं डोकं तर फिरलं नाही ना, अशी. मालकाचा हात बाटलीवर थांबला. कौशल्याला वाटलं आता ते येईल, मुंग्या येतील, ती पडेल, आणि पडली तर बरं. पण आलं नाही. तिनं काउंटरवरची बाटली उचलली, पैसे टाकले आणि बाबुलालला म्हणाली, “तुमी आपलं डोयाचं पाहा.” बसमधे बसल्यावर तिनं बाटली पिशवीत तळाशी सरकवली. म्हातारी दुसऱ्यांदा मेली होती, आणि या खेपेला कोणी कौतुक करायला येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबुलाल आला तो खुर्चीत बसला नाही. श्यामरावांना फाटकाबाहेर घेऊन गेला. कौशल्या खिडकीतून दोघांच्या पाठी पाहत राहिली. श्यामराव आत आले ते सरळ स्वयंपाकघरात. एकेक डबा उघडून त्यांनी ओट्यावर उलटा केला. डाळ, तांदूळ, रवा. पिठाचा डबा उलटा झाला तेव्हा बाटली गडगडत ओट्याच्या कडेपर्यंत गेली आणि त्यांनी ती झेलली. मग मोरीच्या वरच्या फळीमागे रिकाम्या सापडल्या, सरपणाच्या पोत्यात सापडल्या.

“कावून?” ते म्हणाले. “कावून, मले सांग. काय कमी आहे तुले या घरात? लोकाईले काय तोंड दाखवू मी? बाबुलाल म्हणते, वहिनी मेलेल्या माणसाचा खोकला सांगून राहिली!”

“तुमची बाटली काचेच्या कपाटात राह्यते,” कौशल्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, कोरडा आणि फार खालचा. “माही पिठात. एवढाच फरक आहे.”

“मी कमावतो. मी दिवसभर मरतो तिथं अन् आठवड्यातून एक वक्त—”

“मी इथं मरते. रोज मरते. दुपारी. तुमाले सांगतलं होतं तं दाढी करून राहिले होते तुमी.”

त्यांनी बाटली मोरीत आपटली. काच फुटली, लाल पाणी मोरीच्या तोंडाशी गेलं, आणि त्या गोड वासानं कौशल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला नाही, अपमानही वाटला नाही. तिला फक्त ते वाहून चाललेलं दिसत होतं. समोरच्या खोलीत विजू टेबलाशी पाठमोरी बसली होती. पुस्तक उघडं होतं. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

श्यामरावांनी गोंदियाहून बहिणीला बोलावून घेतलं. सिंधुताई आल्या आणि त्यांनी घराची चावी कमरेला खोचली. “माह्या मायच्या नावानं औषध आणून पेली तू,” त्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या. “तिले मरूनही सोडलं नाही.” कौशल्याला म्हणावंसं वाटलं, तिनंच मला सोडलं नाही. पण तोवर तिला जांभया यायला लागल्या होत्या. एकापाठोपाठ एक, जबडा निखळेल अशा. मग नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले, पोटात पीळ पडला, अंगावर काटा आला तो जाईना. पाय जागेवर राहीनात. अंथरुणात ती सायकल चालवल्यासारखे पाय मारत राहिली. “नाटकं,” सिंधुताई दारातून म्हणाल्या. आणि या सगळ्याच्या वर ती जुनी दुपारची भीती, आता दुपारची वाट न पाहता, कधीही. हातांना मुंग्या, छातीत धडधड. कडी बाहेरून लावलेली. कौशल्यानं दार ठोकलं, शिव्या दिल्या. ज्या शिव्या आपल्याला येतात हे तिला माहीत नव्हतं त्या दिल्या. नवऱ्याला, नणंदेला, मेलेल्या म्हातारीला, बाबुलालला. विजूचं नाव तोंडाशी आलं आणि तिनं आपली मूठ दातांत धरली. दार उघडलं तेव्हा तिच्या हातावर रक्त होतं, आणि ते पाहून श्यामराव घाबरले. पहिल्यांदाच. सकाळी त्यांनी रिक्षा बोलावली. विजूची शाळा बुडाली. सिंधुताई म्हणाल्या, पोरीलेही घेऊन जा, इथं बसून रडून राहिली.

मोठ्या हॉस्पिटलात डोक्याच्या आजाराची ओपीडी टोकाच्या व्हरांड्यात होती. डॉक्टरीण केरळकडची असावी, उंच, करड्या केसांची. तिची हिंदी कौशल्यापेक्षाही वाईट होती. श्यामराव बसायच्या आधीच बोलायला लागले. “खाँसी की दवा पीती है मैडम. शरम की बात है, घर की औरत—”

“शरम बाद में,” डॉक्टरीण म्हणाली. “पहले ये बोलेगी. कितना पीता था तुम?”

“थोड़ा,” कौशल्या म्हणाली. तिला ही बाई आवडली नाही. हिचं स्वच्छ टेबल आवडलं नाही, हिचा पेन आवडला नाही. “कभी-कभी. खाँसी होती तब.”

“झूठ,” विजू म्हणाली.

ती बाकाच्या कडेला बसली होती, गुडघे जुळवून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “झूठ बोल रही है. खाँसी इसको नहीं थी. मुझको थी. मैंने दवा माँगी, घर में भरी हुई बाटली थी. इसने चम्मच में निकाली और मेरे सामने खुद पी गई. मेरे को काढ़ा दिया.” आणि मग तिचा आवाज फुटला. “मेरे को काढ़ा दिया!”

श्यामरावांचा हात उठला. “चूप बस! घरच्या गोष्टी इथं—”

“हात खाली घ्या,” कौशल्या म्हणाली. “खरं बोलून राहिली ते.”

श्यामरावांनी हात खाली घेतला आणि बायकोकडे असं पाहिलं की जणू बाटल्यांचं त्यांना आता कुठे कळलं होतं. विजू रडत होती, रागानं, नाक ओढत. त्या रडण्यात कौशल्यासाठी काही नव्हतं. डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवला. “शुरू कैसे हुआ?” तिनं विचारलं, आणि कौशल्याला लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती बोलली. मोडक्यातोडक्या हिंदीत, मधेच आपल्या बोलीत जात, तिनं घरातला आवाज बंद झाल्याचं सांगितलं. तांदळाचं सूप, हातांच्या मुंग्या, मोरीची कडी सांगितली. “लगता है अभी मरूँगी. रोज लगता है. मरती नहीं.” डॉक्टरीण मान हलवत राहिली, सहानुभूतीनं नाही, सुतारानं लाकूड ठोकून बघावं तशी. मग म्हणाली, हे दोन आजार आहेत. खाली घबराहटीचा, तो आधीचा. वर या औषधाच्या सवयीचा. वरचा नुसता ओढून काढला तर खालचा आणखी जोरानं येणार, म्हणून दोन्हींचं औषध करावं लागेल, आणि इथं राहावं लागेल. “कमजोरी नहीं है, नाटक भी नहीं है. और आप?” ती श्यामरावांकडे वळली. “आप पीते हैं?”

“कभी-कभार. दोस्तों में.”

विजूनं बापाकडे पाहिलं. डॉक्टरिणीनं ते पाहिलं. “ये घर आएगी, उसके पहले वो बाटली भी घर से जाएगी,” ती म्हणाली.

श्यामराव उठले. त्यांच्या मानेवरची शीर तटतटली होती. “चल,” ते कौशल्याला म्हणाले. “आपल्या घरी पाहू काय करायचं थे. इथं माही इज्जत काढून राहिले. चल, ऊठ.”

कौशल्या उठली नाही. हिंमत आली म्हणून नव्हे. घरी गेलं तर ती खिडकी होती, बाहेरून कडी होती, दोन वाजताची शांतता होती. इथं ही करड्या केसांची बाई होती, जिचा निदान समोरासमोर राग करता येत होता. “मी राह्यते,” ती म्हणाली. श्यामराव विजूच्या खांद्याला धरून निघाले. विजूनं मागे वळून पाहिलं नाही.

वॉर्डातले दिवस फार घाण गेले. गोळ्यांनी तोंडाला धातूची चव आली, अंग घामानं भिजायचं आणि लगेच कुडकुडायचं. शेजारच्या खाटेवरची बाई सतत भिंतीशी बोलायची. कौशल्या तिला ओरडली, नर्सला ओरडली, डॉक्टरिणीनं नाडी धरली तेव्हा हात झटकून घेतला. डॉक्टरिणीनं तो पुन्हा धरला. भीती यायची, पण आली की ती कोणाला तरी सांगता येत होती, आणि सांगितल्यावर कोणी “कमजोरी” म्हणत नव्हतं. एवढाच काय तो फरक. श्यामराव आले नाहीत. दुपारी भेटायच्या वेळेला विजू आली, शाळेच्या कपड्यांत, हातात डबा.

“बुआ ने दिया है,” ती म्हणाली. डबा स्टुलावर ठेवला. “पापा ने वो कपाटवाली बाटली बाबुलाल काका को दे दी.” ही बातमी तिनं शाळेतल्या बाईंना हजेरी द्यावी तशी दिली. बाटली खरंच दिली की नुसती हलवली, कौशल्याला सांगता आलं नसतं, पण तिनं विचारलं नाही. पोरीच्या कानामागे आणि फ्रॉकच्या कॉलरवर लाल धूळ बसली होती. “तू जेवली काय?” तिनं विचारलं.

“आपको क्या करना है,” विजू म्हणाली आणि जायला वळली.

तेवढ्यात कौशल्याला पोटातून ओकारी वर आली. तिनं खाटेखालच्या भांड्याकडे हात टाकला, पण भांडं लांब सरकलं. ती खाटेच्या कडेवर ओणवी झाली, तोंडावर पदर दाबून. विजू दारापर्यंत गेली होती. तिथंच थांबली. मग परत आली. गुडघ्यावर बसून तिनं भांडं ओढलं, आईच्या हनुवटीखाली धरलं आणि आपलं तोंड पार खिडकीकडे फिरवलं. दुसऱ्या हातानं आईचे मोकळे सुटलेले केस मानेशी गोळा केले, दुखेल इतके घट्ट.

“कर,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “मी धरून आहे. लवकर कर, मले घरी जायचं आहे.”